युवा मतदार व नातेसंबंध (सोलापूर)

मत कोणाला द्यायचे हे ठरवताना आईवडील, भावकी, मित्र, मंडळ व कामाच्या ठिकाणची माणसे यांचा तरुण मतदारावर पडणारा प्रभाव. संविधानाच्या ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले (अंमल २८ मार्च १९८९). त्यामुळे आईवडिलांच्याच घरात राहणारा, बहुधा अजून शिकणारा मोठा वर्ग मतदार झाला.

या विचाराचा उगम सामान्यतः समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड व सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोतील ईअरी काउंटीत केलेल्या पाहणीत मानतात. त्याच त्या मतदारांना काही महिने पुन्हा पुन्हा भेटल्यावर वृत्तपत्रे व रेडिओ यांच्यापेक्षा समोर बसून बोलणाऱ्या माणसाचे वजन अधिक दिसले. मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी मात्र भर दिला तो लहानपणीच घरातून येणाऱ्या पक्षनिष्ठेवर. त्यांपैकी केंट जेनिंग्ज यांनी १९६५ मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी व त्यांचे पालक यांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारले, तेव्हा पक्षाबाबत दोघांत बरेच साम्य आढळले. सार्वजनिक प्रश्नांवरील मतांत ते पुष्कळच कमी होते. भारतात समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५० च्या दशकात म्हैसूरकडील खेड्याविषयी लिहिताना ‘व्होट बँक’ हा शब्द वापरला. तेथे विचार गावातील वजनदार माणूस व त्याच्यावर अवलंबून असलेली कुटुंबे यांचा होता.

खरा वाद कार्यकारणाचा आहे. मित्रांची मते जुळतात ती एकमेकांच्या सांगण्याने, की मते जुळणारेच मित्र होतात? दोन्ही घडते असे बहुतेकांना मान्य आहे. तिसरी शक्यताही आहे : दोघेही एकाच परिस्थितीत जगतात म्हणून एकाच निष्कर्षाला येतात. सोलापूरपुरती हीच अधिक ग्राह्य वाटते, कारण येथे घर आणि काम पुष्कळदा एकाच छताखाली असते.

पूर्व भागातील विणकर व विडी कामगारांच्या वस्त्यांत हे जवळून दिसते. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, शेजारी मुलगी पत्र्याचे माप ठेवून तेंदूची पाने कातरते. मजुरी, पाणी, घरकुल ही बोलणी तेथेच होतात, बहुधा तेलुगूत. कॉलेजात गेल्यावर तीच मुलगी तो विषय मराठीत मांडते. आज्ञा कोणी देत नाही, तरी मत तेथे घडत असते. सोलापूरजवळच्या कुंभारी गावातील विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीसारखी घरे युनियनच्या लढ्यातून उभी राहिली. तो लढा मुलांना आईच्या तोंडून कळतो, पण त्याचे मतात रूपांतर होतेच असे नाही.

शहरातील तालमी, गणेशोत्सव व जयंती मंडळे हे दुसरे केंद्र. लेझीमच्या सरावाला जमलेली मुलेच निवडणुकीत बूथबाहेर टेबल लावून मतदारांना यादीतील नावाच्या चिठ्ठ्या काढून देतात. मित्राला दिलेला शब्द मोडणे त्यांना घरच्यांचे न ऐकण्याहून जड जाते, आणि हा ताण हलका लेखू नये. ग्रामीण तालुक्यांत भावकी व सहकारी संस्थांचे गट यांचे महत्त्व अधिक.

मतदान गुप्त असले तरी निकाल केंद्रनिहाय जाहीर होतो. एका केंद्रावर थोड्याच गल्ल्या येत असल्याने गल्लीचा कल उघड होतो आणि ‘आपल्या बूथवर कमी कसे पडले?’ हा प्रश्न मंडळातील पोरांना विचारला जातो. मतदारयादीही घरक्रमांकानुसार लागते; प्रत्येक नावापुढे वडील, आई किंवा पती यांचे नाव असते. नवीन नोंदणीच्या नमुना ६ मध्ये त्याच पत्त्यावर आधीपासून यादीत असलेल्या नातेवाइकाचे नाव व ओळखपत्र क्रमांक विचारतात. लग्नानंतर मुलीने पत्ता बदलण्याचा नमुना ८ भरला, की माहेरच्या घराखालचे तिचे नाव सासरच्या घरक्रमांकाखाली जाते.