खारट मुका, हिरवा बेडका

बेडका हिरवा पडला की आपण म्हणतो, जंतू वाढले. जंतू असतातच, पण तो हिरवटपणा बराचसा आपल्याच पेशींचा असतो. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज हे हिरवट विकर असतं. त्या ढिगानं फुटल्या की ते थुंकीत उतरतं.

वर्ध्याकडच्या एका खेड्यात नऊ वर्षांच्या पोराची अशा बेडक्याची डब्बी मी पाहिली. झुकवली तरी आतला ऐवज हलेना. पोराचे दोन वेळा टीबीचे कोर्स झालेले, खोकला तसाच. मे महिन्यात त्याच्या निळ्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे उठायचे. आजी सहज बोलून गेली, "लहान होता तवापासून याचा मुका घेतला का खारट लागते." पुढे घामाची तपासणी झाली. लिटरमागे 60 मिलिमोलच्या वर क्लोराइड म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस या आईबापाकडून येणाऱ्या आजाराची दाट शंका. याचं त्याहून बरंच जास्त निघालं.

दोष असतो सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर या जनुकात. ते 1989 साली सापडलं. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. हे जनुक पेशीच्या पडद्यात क्लोराइडची एक वाट बनवतं. घामाच्या नळीत ती वाट मीठ परत आत ओढते. ती बंद पडली की घाम खारट. श्वासनळीत क्लोराइड बाहेर येतं आणि त्याच्यामागे पाणी. ते थांबलं की कफ आटतो, मावा पडलेल्या कपाशीच्या पानावरच्या चिकट्यासारखा. त्यात जंतू मुक्काम करतात. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकोकस, पुढे स्यूडोमोनास.

इथवरची गोष्ट बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. पण फुफ्फुस फाडतं कोण?

रात्री तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, शिरले की जागलीवरचा माणूस हाकारे देतो, शेजारी बॅटऱ्या घेऊन धावतात. रोही पळाले की माणसंही परततात. या फुफ्फुसात मात्र माणसं, म्हणजे न्यूट्रोफिल, परततच नाहीत. उलट रात्रभर आणखी लोकांना बोलावतात आणि तूर त्यांच्याच पायाखाली जाते.

न्यूट्रोफिलच्या पोटात इलास्टेज नावाचं कापणारं विकर असतं. ते सांडलं की श्वासनळीची लवचिक भिंत कुरतडतं. त्याला आवरणारी प्रथिनं शरीरात आहेत, पण एवढ्या पुरापुढे ती अपुरी पडतात. इलास्टेज श्वासनळीच्या पेशींना डिवचतं, त्या आयएल-8 हा निरोप सोडतात आणि निरोप ऐकून आणखी न्यूट्रोफिल येतात. मेलेल्या न्यूट्रोफिलना गिळून जागा साफ करणं हे मॅक्रोफेज पेशींचं काम. मेलेली पेशी ओळखायची त्यांची खूणच इलास्टेज कापून टाकतं! प्रेतं तिथंच फुटतात आणि आणखी इलास्टेज सांडतं.

फुटताना डीएनएचे लांब धागेही बाहेर पडतात. डब्बी झुकवली तरी आतला ऐवज हलत नव्हता, त्यात या धाग्यांचा मोठा वाटा. ते कापणारं डॉर्नेज अल्फा हे वाफेवाटे घ्यायचं औषध 1993 पासून वापरात आहे.

हे सगळं फार लवकर सुरू होतं. ऑस्ट्रेलियातल्या बाळांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये आला. तीन महिन्यांच्या वयात ज्यांच्या फुफ्फुसात मोकळं इलास्टेज सापडलं, त्यांच्या श्वासनळ्या तिसऱ्या वर्षापर्यंत कायमच्या रुंदावण्याचा धोका जास्त होता.

मग या पेशींनाच का अडवू नये? प्रयत्न झाले. स्टेरॉइडनं फुफ्फुसाला फायदा झाला, पण पोरांची उंची खुंटली. न्यूट्रोफिलना बोलावणारा एक संदेश रोखणाऱ्या औषधाची चाचणी तर मध्येच थांबवावी लागली, कारण रुग्णांची छाती आणखी बिघडू लागली. जागल पूर्ण उठवली की रोही मोकळेच. 2019 पासून अमेरिकेत मिळणारी तीन औषधांची गोळी बिघडलेली वाटच बरीचशी दुरुस्त करते, तीही ठरावीक जनुकदोषांत. तिची किंमत आपल्या शेतकरी घराला झेपणारी नाही. शिवाय गोळी घेऊनही आत मुरलेला दाह पुरता जात नाही, असं आता दिसतंय.

पोराच्या घरी सध्या रोज सकाळी शाळेआधी आई त्याला मांडीवर पालथा घेऊन पोकळ तळव्यानं पाठ थापटते. उन्हाळ्यात आजी त्याच्या पाण्याच्या बाटलीत डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ मोजून टाकते. या पोरांना उन्हात मीठ कमी पडून ग्लानी येते, हे आता तिला पाठ आहे.