पीएलसीत जुनी फाइल टाकण्याआधी आतला प्रोग्रॅम काढून घ्या

पीएलसी म्हणजे पॅनेलमधला, मशीन चालवणारा छोटा कंप्युटर. आपल्या बऱ्याच ग्राहकांकडे आता स्वतःचा लॅपटॉप आहे, केबल आहे, मेंटेनन्सला लॅडर (पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची आकृतीसारखी भाषा) वाचणारा एखादा पोरगा पण आहे, आणि हे चांगलंच आहे, प्रत्येक छोट्या गोष्टीला आमची वाट बघत मशीन उभी राहू नये असं आम्हालाही वाटतं. त्यामुळे लॅडर म्हणजे काय, टायमर कसा टाकायचा हे इथे लिहीत नाही. एकच गोष्ट सांगायची आहे, कारण येणाऱ्या फोनपैकी बरेचसे शेवटी तिथेच जाऊन पोचतात.

पण आधी सगळे विचारतात तो प्रश्न. साधा एक टायमर वाढवायचाय, पाच मिनिटांचं काम, मग तुमचा माणूस येऊन अर्धा-पाऊण तास नुसता लॅपटॉप लावून काय बसतो? तर तो पीएलसीत आत्ता जो प्रोग्रॅम चालू आहे तो वाचून घेतो, आमच्याकडच्या फाइलशी ताडून बघतो, फरक निघाला तर तो कशासाठी केला होता ते तुमच्या लोकांना विचारतो, आणि मग टायमरला हात लावतो. हा वेळ आम्ही बिलात धरतो आणि पुढेही धरणार, कारण खरं काम तेच आहे.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कुठल्याही फाउंड्रीत घडेल असं उदाहरण घ्या. सँड मिक्सरच्या पॅनेलमध्ये मित्सुबिशीचं एफएक्स३यू (पीएलसीचं मॉडेल) आहे. रात्रपाळीत पाण्याच्या व्हॉल्व्हचं आउटपुट, समजा वाय ५, त्याचा रिले चिकटला. इलेक्ट्रिशियन हुशार, त्याने वायर मोकळ्या असलेल्या वाय १७ वर घेतली, कुणीतरी लॅपटॉप लावून प्रोग्रॅममध्ये वाय ५ च्या जागी वाय १७ केलं, मशीन सुरू. एकदम बरोबर काम, आम्ही पण हेच केलं असतं. फक्त बदललेली फाइल सेव्ह झाली नाही, किंवा झाली ती दुसऱ्याच लॅपटॉपवर. सहा महिन्यांनी ड्राय मिक्सिंगचा वेळ वाढवायचा म्हणून कुणीतरी कमिशनिंगच्या, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू केली त्या वेळची फाइल उघडतो, टायमर बदलतो, राइट करतो. टायमर वाढला, पण पाणी येईना. आता सगळे व्हॉल्व्ह खोलतात, कॉइल मोजतात, फ्यूज बघतात, वायरिंग ओढून बघतात, अर्धा दिवस जातो आणि मोल्डिंग लाइन उभी. वायरिंगमध्ये काहीच नसतं, प्रोग्रॅम परत वाय ५ लाच आउटपुट देत असतो.

ही तरी बरी गत, पाणी आलं नाही ते लगेच दिसतं. मिक्सरचं दार उघडं असताना मोटर सुरू होऊ नये म्हणून नंतर लिमिट स्विचचा इंटरलॉक टाकलेला असेल तर जुन्या फाइलबरोबर तोही जातो, आणि तो गेलाय हे कुणाला दिसत नाही. आत माणूस साफसफाईला उतरतो. म्हणून आमच्या पॅनेलमध्ये इमर्जन्सी स्टॉप आणि दाराचा स्विच प्रोग्रॅमच्या भरवशावर नसतो, कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या स्विचच्या) सर्किटमध्येच थेट वायरने जोडलेला असतो, त्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दिसतात आणि दर वेळी ते कमी करायला सांगितलं जातं. ते आम्ही कमी करत नाही.

आता नेमकं काय करायचं. मित्सुबिशीच्या जीएक्स वर्क्स२ या सॉफ्टवेअरमध्ये ‘रीड फ्रॉम पीएलसी’ म्हणजे मशीनमधलं लॅपटॉपवर, ‘राइट टू पीएलसी’ म्हणजे लॅपटॉपवरचं मशीनमध्ये. सिमेन्समध्ये यालाच अपलोड आणि डाउनलोड म्हणतात आणि इथे बरेच जण फसतात, मोबाइलच्या सवयीने डाउनलोड दाबतात आणि चालू प्रोग्रॅमवर जुना जाऊन बसतो. पहिल्यांदा कायम रीड, तेही नवीन प्रोजेक्टमध्ये, तारीख आणि मशीनचं नाव टाकून सेव्ह. मग जुनी फाइल उघडून ‘व्हेरिफाय विथ पीएलसी’, म्हणजे फाइल आणि मशीनमधलं ताडून बघा. सिमेन्सच्या टीआयए पोर्टल सॉफ्टवेअरमध्ये ऑनलाइन गेलात की ब्लॉकसमोर (प्रोग्रॅमच्या प्रत्येक भागासमोर) हिरवा गोल दिसला तर दोन्हीकडे सारखं आहे, निळा-केशरी अर्धा-अर्धा दिसला तर फरक आहे, तिथेच थांबा.

‘मग रीड करून त्यातच बदल करू की, जुनी फाइल हवी कशाला?’ असंही विचारतात. चालतं, पण एफएक्समध्ये कॉमेंट (कुठला नंबर कशाचा ही नोंद) मुद्दाम आत लिहिल्या नसतील तर रीड केलेल्या प्रोग्रॅममध्ये नुसते एम आणि डी चे (आतल्या मेमरीच्या जागांचे) नंबर दिसतात, एम १२० कशाचा आहे ते शोधण्यातच दिवस जाईल. एफएक्स३यू मध्ये ५० कॉमेंटला प्रोग्रॅम मेमरीतली ५०० स्टेप जागा लागते, आम्ही जागा असेल तिथे महत्त्वाच्या कॉमेंट आत टाकून देतो. सिमेन्सच्या जुन्या ३०० सिरीजमध्ये तर मूळ प्रोजेक्ट नसेल तर नावं आणि कॉमेंट मिळतच नाहीत. म्हणून कॉमेंटवाली मूळ फाइल जपायची आणि ती मशीनशी जुळती ठेवायची.

अजून एक, राइट करताना ‘सिलेक्ट ऑल’ दाबू नका. फाइलमध्ये डिव्हाइस मेमरी सेव्ह असेल तर एचएमआयवरून (पॅनेलवरच्या स्क्रीनवरून) टाकलेले रेसिपीचे आकडे, जे डी २०० च्या पुढच्या लॅच रजिस्टरमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या जागेत) बसलेले असतात, तेही जुने होतात. ‘पॅरामीटर + प्रोग्रॅम’ घ्या. ३०० सिरीजमध्ये डेटा ब्लॉक डाउनलोड केला तर तसंच होतं, चालू आकडे जातात आणि फाइलमधले बसतात. आणि रन मध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच, ऑनलाइन बदल केलात तर तो मशीनमध्ये गेला, लॅपटॉपवरचा प्रोजेक्ट आपोआप सेव्ह होत नाही, कंट्रोल एस दाबल्याशिवाय लॅपटॉप बंद करू नका.

टीआयए वाल्यांसाठी, प्रोजेक्ट नवीन व्हर्जनमध्ये उघडून अपग्रेड केला की जुन्या व्हर्जनमध्ये परत उघडत नाही. मूळ कॉपी बाजूला ठेवूनच करा.

एफएक्स३यू वर बॅट चा (बॅटरीचा) लाल दिवा लागला असेल तर दोन दिवसांनी बघू म्हणू नका. त्यात वेगळी मेमरी कॅसेट नसेल तर प्रोग्रॅम बॅटरीवरच टिकतो, बॅटरी साधारण ५ वर्षं जाते आणि फाउंड्रीच्या उष्णतेत त्याआधीही. आधी पॉवर चालू असतानाच रीड करून घ्या, मग बॅटरी बदला, ती एफएक्स३यू-३२बीएल मागायची. आमच्याकडे कायम स्टॉकला असते, तारीख बघून देतो.

आम्ही दिलेल्या प्रत्येक मशीनची कॉमेंटसकट फाइल पेनड्राइव्हवर तुम्हाला मिळते, वेगळे पैसे नाहीत, पासवर्ड टाकला असेल तर तो पॅनेलच्या ड्रॉइंगवर लिहिलेला असतो. दुसऱ्या कुणी बनवलेल्या मशीनचाही बॅकअप आम्ही काढून देतो. वार्षिक मेंटेनन्स ज्यांचा आमच्याकडे आहे त्यांच्याकडे दर व्हिजिटला सगळ्या पीएलसीचा रीड आणि व्हेरिफाय होतो, एक कॉपी तुमच्याकडे एक आमच्याकडे, आणि काय फरक निघाला ते कागदावर लिहून देतो.

स्वतः बदल केलात तरी हरकत नाही, फक्त बदललेली फाइल आम्हाला पाठवा आणि काय बदललं ते एका ओळीत लिहा, ‘वाय ५ चं वाय १७ केलं’ एवढं पुरे. मशीन अडली तर फोन करण्याआधी पीएलसीवरच्या मॉडेल नंबरचा आणि पेटलेल्या दिव्यांचा फोटो काढून टाका, आणि आमच्याशी बोलणं होईपर्यंत राइट दाबू नका.