ऑल्टरनेटरचा फ्यूज का उडाला, ते आधी शोधा

इंजिन सुरू झाल्यावरही डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझत नाही, हेडलाइट मंदावत जातात, आणि ‘ऑल्टरनेटर गेला’ असं निदान होतं. इंजिनच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारा, काही हजार रुपयांचा हा भाग बदलण्याआधी ऑल्टरनेटर आणि बॅटरी यांच्यामधला मुख्य फ्यूज तपासायला हवा. मात्र तो उडालेला सापडला म्हणून लगेच नवा बसवू नका, कारण हा फ्यूज उगाच उडत नाही.

ऑल्टरनेटरच्या मागच्या ‘बी प्लस’ बोल्टपासून एक जाड वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हकडे जाते. लहान गाड्यांमध्ये या वाटेवर साधारण ८० ते १४० अँपिअरचा, नट-बोल्टने आवळलेला फ्यूज असतो. ऑल्टरनेटर जास्त करंट देईल म्हणून तो बसवतात, असा समज आहे. प्रत्यक्षात ऑल्टरनेटरची रचनाच अशी असते, की ठरावीक मर्यादेपुढे तो करंट देऊ शकत नाही. खरी भीती बॅटरीची. शॉर्ट झाला, की ती त्याच वायरमधून उलट्या दिशेने शेकडो अँपिअर ढकलते. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते: फ्यूजचा रोध अर्धा मिलिओहम धरला, तर १०० अँपिअरला ५ वॅट, पण ६०० अँपिअरला १८० वॅट! आतली पट्टी वितळते आणि वायर वाचते.

शॉर्टचं नेहमीचं कारण म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करताना उलट्या लावलेल्या जंपर केबल. ऑल्टरनेटरमधले डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, एरवी बॅटरीचा करंट आत येऊ देत नाहीत. पॉझिटिव्ह-निगेटिव्हची अदलाबदल झाली, की तेच डायोड सरळ वाट करून देतात. नवी बॅटरी उलटी जोडली तरी हेच घडतं. याशिवाय इंजिनला घासून सोललेली वायर, आतून शॉर्ट झालेला डायोड, किंवा बॅटरी न काढता काम करताना बी प्लस आणि बॉडीला एकदम टेकलेला पाना.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन बंद ठेवून बॅटरीवर व्होल्टेज पाहा: पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. आता काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून लाल पिन बी प्लस बोल्टला लावा. चावी बंद असली तरी इथे बॅटरीइतकंच व्होल्टेज यायला हवं. शून्य आलं, तर फ्यूज उडालाय किंवा वायर तुटलीय. फ्यूजच्या दोन्ही बोल्टवर वेगवेगळं मोजलं, की नेमकं कळतं. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून पाहायची जुनी सवय मात्र सोडाच. त्या क्षणी व्होल्टेज इतकं उसळतं, की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जळू शकतो.

उडालेला फ्यूजही बोलका असतो. पट्टी मधोमध फुटून काजळी उडाली असेल, तर शॉर्ट. एका टोकाचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळलं असेल, तर बहुधा तिथला नट सैल होता आणि सांध्यावरच्या रोधामुळे उष्णता साठत गेली.

बदलताना आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बऱ्याच गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. हा फ्यूज पक्कडीने वर खेचून निघत नाही. अनेक गाड्यांत फ्यूज बॉक्सच्या कड्या सोडवून, तो उलटा करून खालून नट काढावे लागतात. घाईत इथेच प्लास्टिक तुटतं.

जुना फ्यूज काढल्यावर ऑल्टरनेटर बॅटरीपासून सुटा होतो, तेव्हाच त्याचे डायोड तपासा. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लाल पिन ऑल्टरनेटरच्या बॉडीला, काळी बी प्लसला लावा. मार्गात दोन डायोड असल्याने साधारण ०.८ ते १ व्होल्ट दिसतं. पिना उलट्या केल्यावर करंट वाहता कामा नये. दोन्हीकडून शून्याजवळ आकडा आला, तर डायोड किंवा वायर शॉर्ट आहे. नवा फ्यूज बॅटरी जोडताक्षणी उडेल.

नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच मापाचा हवा. जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावली, तर पुढच्या शॉर्टमध्ये वायर पेटेल. टोकं घासून चकचकीत करा, नट नीट आवळा, निगेटिव्ह शेवटी जोडा. बॅटरी उतरलेली असेल तर आधी चार्जरवर भरा. नाहीतर तिला भरताना ऑल्टरनेटर बराच वेळ पूर्ण क्षमतेने राबतो आणि तापतो.

मग इंजिन चालू करून, हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर लावून बॅटरीवर मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.६ व्होल्ट मिळायला हवेत. या लोडवर बी प्लस आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हमधला फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला, तर कुठला तरी सांधा अजून सैल किंवा गंजलेला आहे.