माणसे घटली, भार वाढला : कोकणच्या लोकसंख्येची पार्श्वभूमी

लांबलेली जनगणना आता २०२७ मध्ये होणार आहे. तोवर आपल्या हातात आकडे आहेत ते २०११ चेच, आणि कोकणाच्या बाबतीत ते आकडे सांगितले की आजही समोरचा माणूस पुन्हा विचारतो, ‘नक्की का?’ २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. किनाऱ्यावरचे हे दोन सलग जिल्हे देशाची लोकसंख्या वाढत असताना आकसले.

लोकसंख्या वाढली की निसर्गाची हानी होते, हे आपण शाळेच्या निबंधापासून लिहीत आलो आहोत. त्या हिशेबाने इथले डोंगर, पऱ्हे (ओढे), खाड्या या दहा वर्षांत थोड्या तरी सावरायला हव्या होत्या. तसे कुठे दिसले नाही. का दिसले नाही, हे समजायला दीडशे वर्षे मागे जावे लागते.

१८७२ च्या पहिल्या मोजणीत रत्नागिरी जिल्ह्यात दहा लाखांवर माणसे होती. तेव्हाच्या जिल्ह्यात मालवण, वेंगुर्ले होते. सावंतवाडी संस्थान वेगळे होते. १९०१ पर्यंत हा आकडा सुमारे ११ लाख ६८ हजारांवर गेला. आजच्या मानाने ही संख्या फार वाटत नाही. पण कोकणात भाताची जमीन असते किती? दोन डोंगरांच्या बेचक्यात, पऱ्ह्याच्या कडेने, बांध घालून केलेले चार मळे. बाकी सगळा उतार आणि वर सडा, म्हणजे कातळाचे उघडे पठार. त्या चार मळ्यांवर घर चालत नव्हते, म्हणून माणूस डोंगरावर चढला.

उतारावरच्या जमिनीला वरकस म्हणतात. तिथे पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक किंवा तीळ असे घेऊन जमीन काही वर्षे पड टाकायची रीत होती. पड असताना झुडपे वाढत, मुळे माती धरत, आणि पुन्हा पाळी येईपर्यंत जमीन दमातून बाहेर येई. खाणारी तोंडे वाढली तशी ही विश्रांती कमी होत गेली. मळ्यातल्या भातालाही डोंगरच लागायचा. तरवा (भाताची रोपे) पेरण्याआधी जमीन भाजायची, त्यासाठी ऐन-किंजळीच्या झाडांची कवळं, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, तोडायची, त्यावर शेण, पातेरा, माती पसरून पेटवायची. ही भाजावळ. एका मळ्याच्या मागे कितीतरी झाडे दरवर्षी बोडकी होत. माझ्या लहानपणी आमच्या डोंगरावरचे ऐन मी कधी फांद्यांसकट पाहिले नव्हते. सरळ खांबासारखी खोडे आणि वर पालवीचा झुपका. झाड असेच असते असे मला वाटायचे. भाजावळ बंद झाल्यावर पंधरा वर्षांनी त्याच झाडांनी पसरलेली सावली पाहिली, तेव्हा कळले की ऐन किती मोठा होतो.

उघड्या उतारावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला की माती जागेवर राहत नाही. ती पऱ्ह्यात येते, पऱ्ह्यातून नदीत, नदीतून खाडीत. राजापूर याचा जुना साक्षीदार आहे. सतराव्या शतकात इंग्रजांनी तिथे वखार घातली ती बंदर होते म्हणून. एकोणिसावे शतक संपेपर्यंत खाडी गाळाने इतकी भरली होती की मोठी गलबते जुन्या दगडी धक्क्याच्या कित्येक मैल अलीकडेच थांबत. आज अर्जुना आणि कोदवली नद्यांचे पाणी दर पावसाळ्यात राजापूरच्या बाजारपेठेत शिरते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, त्यानंतर नदीतला गाळ काढायचे काम हाती घ्यावे लागले. त्या दिवशीचा पाऊस विलक्षण होता, हे खरेच. पण नदीच्या पात्रात साठलेली माती एका दिवसाची नव्हती.

म्हणजे कोकणाची जमीन माणसांना पुरत नाही, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच स्पष्ट झाली होती. त्यावर खोतीचे, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचे, ओझे होते. पिकलेल्यातला वाटा खोताच्या घरी जायचा. या कोंडीतून कोकणाने जो मार्ग काढला तो म्हणजे बाहेर पडणे. आधी पलटणीत आणि पोलिसात, मग गिरणीत. कावसजी दावर यांची मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ ला सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभे राहिले आणि रत्नागिरी जिल्हा त्याचा मोठा मनुष्यपुरवठादार झाला. १८८० मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली, आणि गावाकडच्या चुलीचा सांधा परळ-लालबागच्या पगाराशी जुळला.

या व्यवस्थेची किंमत बायकांनी मोजली. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. हा आकडा सांगून पुष्कळजण कोकणात मुलींना कसे जपतात याचे कौतुक करतात. खरे कारण एवढेच की पुरुष मुंबईत मोजले गेले. लावणी, कवळतोड, डोक्यावरून पाणी, सासू-सासऱ्यांचे आजारपण, सारे मागे राहिलेल्या बाईवर होते. आमच्या माजघरातल्या फडताळात आजीने मनिऑर्डरच्या पावत्या सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. प्रत्येक पावतीच्या खालच्या तुकड्यावर आजोबांची दोन ओळींची खुशाली असे, आणि बहुतेकांवर एक वाक्य ठरलेले: पाऊस कसा आहे ते कळवणे.

इथे एका माणसाचे नाव घ्यायलाच हवे. दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्वे घराण्यातले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. निंदा, खटले, दारिद्र्य सोसून १९५३ पर्यंत ते लिहीत राहिले. किती मुले व्हावीत हे ठरवण्याचा हक्क बाईचा आहे, ही भूमिका त्यांनी सरकारच्या कितीतरी आधी घेतली. भारत सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आला तो १९५२ मध्ये. आज महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुले आहेत, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसले. पिढी जागेवर राहायला २.१ लागतात. म्हणजे ‘पोरे फार होतात’ हे कारण आता कोकणालाच काय, राज्यालाही लागू पडत नाही.

मग भार आला कुठून? मुंबईच्या पाण्याची गोष्ट सांगितली तर ते नीट कळते.

१९५१ मध्ये बृहन्मुंबईत सुमारे तीस लाख माणसे होती, २०११ मध्ये सव्वा कोटीच्या जवळ. शहराला पाणी पुरवण्यासाठी १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. तेवढ्याने भागेना म्हणून मुंबई आपल्या हद्दीबाहेर गेली: १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, मग अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज दिवसाला ३८०० दशलक्ष लिटरच्या घरात पाणी जाते. यातली तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. ते उत्तर कोकणच. आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. धरणाची भिंत डोळ्यांसमोर, आणि बाई विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरते आहे, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे. तिथल्या पाड्यावरची माणसे जास्त झाली म्हणून ती विहीर आटलेली नाही.

शहर वाढले ते सगळे परप्रांतीयांनी वाढवले, असे म्हणण्याचीही सोय नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यातून गिरण्या पुन्हा पूर्ण उभ्या राहिल्या नाहीत. लालबाग-परळच्या चाळीतला चाकरमानी थोडा गावी परतला, पण जास्त करून नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवलीकडे सरकला. २००१ ते २०११ मध्ये तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढून एक कोटी दहा लाखांवर गेला. रत्नागिरीतून वजा झालेली माणसे शोधायची तर तिथे सापडतात. आमच्या वाडीतली चार कुटुंबे एकट्या दिव्यात आहेत. तिथल्या खाडीत भराव पडले, तिवरे तुटली, कचऱ्याचे डोंगर झाले, त्यात आमचीही माणसे राहायला गेली. त्यांना दुसरी परवडणारी जागा नव्हती.

आता गावाकडे या. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली गेली आणि वरकस जमिनीवर, नंतर सड्यावरही, हापूस आणि काजूची कलमे उभी राहिली. त्याने घरे तरली, हे मी आधी सांगतो. शंभर टक्के अनुदानाने ज्याच्याकडे नुसता कातळ होता त्याच्याही हाती काही आले. पण सडा म्हणजे ओसाड, ही समजूत त्याबरोबर पक्की झाली. जांभ्याच्या त्या उघड्या पठारावर पावसाळ्यात उगवणारी रानफुले, साचणारी उथळ डबकी, त्यातले बेडूक, आणि हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पे, सारे जेसीबीखाली जाऊ लागले. सड्यावर पडलेले पाणी भेगांतून मुरून पायथ्याच्या झऱ्याला येते. सडा फोडला की झरा हलतो, हे जुन्या माणसांना पाठ होते.

१९९८ ला कोकण रेल्वे रोह्याच्या पुढे थेट दक्षिणेपर्यंत धावू लागली. गाव आठ तासांवर आले. त्या सोयीने गणपती-शिमग्याला येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि प्रत्येकाला वाटू लागले की आपले एक पक्के घर हवे. मातीच्या भिंतीचे, कौलारू, एकत्र कुटुंबाचे घर पडले. त्या जागी तीन भावांचे तीन बंगले आले. चिरा खाणीतून, वाळू खाडीतून, सिमेंट बाहेरून. पूर्वी सगळ्या वाडीला एक रहाटाची विहीर होती. आता ज्याच्या त्याच्या अंगणात बोअर. वर्षातले तीन आठवडे राहणाऱ्यांसाठी हे सगळे. घर कुलूपबंद असले तरी त्याच्यासाठी फोडलेली खाण परत भरत नाही.

समुद्रावरही तेच झाले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. ती ओढायची तर चाळीस-पन्नास माणसे लागत आणि वाटा सगळ्यांना मिळे. जाळे किनाऱ्यापासून जेवढे जाईल तेवढेच समुद्रातून यायचे. १९६० नंतर यांत्रिक नौका आणि ट्रॉलर आले, पुढे माशांचा सगळा थवा वेढून घेणारे पर्ससीन जाळे. राज्याने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला, फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर मर्यादा घातल्या, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. मालवणच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यातली भांडणे तरी थांबली नाहीत. दाभोळच्या खाडीत लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी येऊ लागल्यावर भोई समाजाने वर्षानुवर्षे मेलेले मासे उचलून अधिकाऱ्यांपुढे ठेवले. खाडीकाठची गावे तेव्हा वाढत नव्हती, रिकामी होत होती.

रिकाम्या गावाचाही निसर्गावर परिणाम होतो, आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. मळे पड गेले की बांध फुटतात. पिढ्यानपिढ्या चिखल धरून ठेवलेली ती दगडी चौकट एका पावसाळ्यात वाहून जाते. डोंगर हिरवा दिसतो, पण त्यात रानमोडीचे तण किती आणि सामाजिक वनीकरणात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळी किती, ते जवळ गेल्यावर कळते. वानर आणि रानडुक्कर माजले म्हणून उरलेला शेतकरी नाचणी सोडतो, त्याने सोडली की शेजारच्याची राखण दुप्पट होते, मग तोही सोडतो. २००२ पासून दोडामार्गात कर्नाटकातून हत्ती येऊ लागले. त्यांच्यामागे धावायला गावात तरुण नाहीत. आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसे येतात. त्यांची मुले आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, नाहीतर ती शाळा केव्हाच बंद झाली असती. देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, तेवढी अजून बऱ्याच ठिकाणी शाबूत आहे, कारण तिथली काटकीही न उचलण्याचा नेम मुंबईला गेलेला माणूससुद्धा पाळतो.

जनगणनेचा पहिला टप्पा घरांच्या यादीचा असतो. आमच्या वाडीत एकवीस घरे आहेत. गेल्या शिमग्यानंतर पालखी देवळात गेली, गाड्या परतल्या, आणि आठवड्याने मी दगडी पायऱ्यांच्या पाखाडीवरून खाली येताना धूर मोजला. सात घरांचा होता. बाकीची चौदा यादीत बंद म्हणून जातील. त्यांतल्या नऊ घरांच्या अंगणात बोअर आहे, आणि जुन्या विहिरीला मार्चमध्येच तळ लागला होता.