पाणी-असुरक्षितता आणि लिंगभाव

पुरेसे व सुरक्षित पाणी भरवशाने न मिळणे म्हणजे पाणी-असुरक्षितता. मोजणी बहुधा घरटी होते. घरातली माणसे मात्र ती सारखी सोसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात १८० कोटी लोकांच्या घरी वा आवारात पाणी नाही आणि अशा दहापैकी सात घरांत ते आणण्याचे काम बायका-मुलींकडे असते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात हे उघड दिसते. मुंबईची तहान भागवणारी तानसा व भातसा ही धरणे याच तालुक्यातली, तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर लागतो. टँकर विहिरीत रिकामा केला की पोहरे टाकायला झुंबड उडते. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा, हंड्यावर कळशी आणि कमरेला आणखी एक, ही बाईची खेप. तेच पाणी बैलगाडीवरच्या पिंपातून किंवा मोटरसायकलला अडकवलेल्या कॅनमधून येऊ लागले, की पुरुषही आणतात. ओझे डोक्यावर असेतो बाईचे, चाकावर गेले की पुरुषाचे. याचा ताकदीशी संबंध कसा लावायचा?

याच तालुक्यातील डेंगणमाळची बातमी २०१५ मध्ये जगभर गेली. पाणी भरायला माणूस हवे म्हणून तिथे काही पुरुषांनी दुसरे-तिसरे लग्न केले होते. अशा बायकोला म्हणतात ‘पाणीवाली बाई’. गोरेगावात पाण्यासाठी लढलेल्या मृणाल गोरे यांना मुंबईकरांनी हेच नाव मानाने दिले होते.

खेपा निदान दिसतात. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता, पाणी पुरावे म्हणून टाळलेली आंघोळ, पाहुणा आला आणि माठ रिकामा निघाला तेव्हाची लाज, हे दिसत नाही. पुरुषाचा घोर बहुधा वेगळा असतो: गुरे, पीक, टँकरचे पैसे. पाणी-असुरक्षितता मोजणाऱ्या, २०१९ मध्ये आलेल्या बारा प्रश्नांच्या मोजपट्टीत मागच्या चार आठवड्यांतली चिंता, राग, लाजही विचारली गेली. पण उत्तर घरातले एकच माणूस सगळ्यांच्या वतीने देई. पुढे व्यक्तीला स्वतःपुरते विचारणारी मोजपट्टी आली.

जलजीवन मिशनचे (२०१९) उद्दिष्टही घरटी नळ आणि दरडोई रोज ५५ लिटर असेच आहे. नळाला पाणी अवेळी येते तेव्हा ते भरून घ्यायला रोजगार बुडवून घरी कोण थांबते, हे या आकड्यांत येत नाही.