कथेतला फ्लॅशबॅक आणि आघाताचा फ्लॅशबॅक

ठाण्यातली पंधरा-सोळा वर्षांची बरीच मुलं हल्ली लिहितात आणि त्यातल्या बहुतेकांना थ्रिलर लिहायचा असतो. या वयाचं लिखाण वाचायला मला मनापासून आवडतं, त्यामुळे कुणाची ना कुणाची वही किंवा पीडीएफ माझ्याकडे येत असते. गोष्टींचा सांगाडा बराचसा सारखा असतो. तीन-चार जिवलग मित्रमैत्रिणी, मागे घडून गेलेलं काहीतरी भयंकर, त्याबद्दल कुणालाही न सांगण्याची शपथ, आणि त्या दिवसाचं सगळं न आठवणारी एक मुलगी. मग प्रकरणागणिक तिला फ्लॅशबॅक येतात. शेवटच्या फ्लॅशबॅकमध्ये गुन्हेगाराचा चेहरा स्वच्छ दिसतो आणि कोडं सुटतं.

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक फ्लॅशबॅक लेखकाच्या हातातलं साधन आहे. दुसरा आघातातून गेलेल्या माणसाला येतो, तो कुणाच्याच हातात नसतो. पहिला वाचकाला माहिती देतो. दुसऱ्यातून माहिती जवळपास मिळतच नाही. ही गल्लत केवळ लेखनातली असती तर मी एवढं मनावर घेतलं नसतं. पण असे थ्रिलर वाचून मुलं आपल्या खऱ्या मित्राशी कसं वागायचं ते ठरवतात, म्हणून ती सोडवून दाखवावीशी वाटते.

एक गोष्ट मी बनवते. सायली, ओम आणि आणखी दोघं, कॉलेजचं लेक्चर बुडवून जुलैत येऊरला जातात. ओढ्याला अचानक पाणी येतं आणि ओम परत येत नाही. वर्षभरानंतरची सायली आपली नायिका. आता पहिल्या प्रकारचा फ्लॅशबॅक असा लिहिला जातो:

‘उपवनच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या सायलीला तो जुलै आठवला. पाटोणपाड्यापर्यंत रिक्षाने जाऊन चौघं पुढे चालत निघाली होती. ओमने बूट हातात घेतले होते. “पलीकडे जाऊ या, फोटो भारी येतील,” विक्रम म्हणाला होता. पाणी तेव्हा घोट्याएवढंच होतं. मग वरून आवाज आला आणि बघता बघता ते गढूळ झालं.’

यात काहीच चूक नाही. ‘आठवला’ असं म्हणून लेखक दार उघडतो, भूतकाळात नेतो, कोण काय म्हणालं ते क्रमाने सांगतो आणि हवं तिथे थांबतो. विक्रमचं वाक्य इथे मुद्दाम पेरलंय, पुढे त्याच्यावर संशय यावा म्हणून. सायली आणि वाचक दोघंही जाणून आहेत की ती उपवनला बसलेली आहे आणि जुलै मागे पडलाय.

दुसरा प्रकार असा:

‘ठाणे स्टेशन, प्लॅटफॉर्म पाच. पाऊस थांबलाय. शेजारच्या माणसाने ओला रेनकोट झटकला. प्लॅस्टिकचा वास. पायाखालचा दगड सरकतोय. पाणी कानात. मनगटावर हात, घसरतोय, घसरतोय. “अगं चढ ना, गाडी आली,” मागून कुणीतरी म्हणतंय. आवाज येतोय. कुठून येतोय ते कळत नाहीये. गाडी निघून गेली. सायलीच्या मुठीत बॅगेचा पट्टा होता आणि बोटं पांढरी पडली होती.’

इथे विक्रम नाही, संवाद नाही, क्रम नाही. घटनेतला कुठलाही नवा तपशील वाचकाला कळला नाही. कळलं ते सायलीच्या शरीराबद्दल. तिच्यासाठी ते पाणी आत्ता कानात आहे. ती काही आठवत नाहीये. तिच्यावर ते पुन्हा घडतंय.

हा फरक मी माझ्या आवडीने पाडलेला नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ म्हणजे पीटीएसडी हे निदान पहिल्यांदा घातलं, ते मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून. त्याच पुस्तिकेची २०१३ची आवृत्ती फ्लॅशबॅकचं वर्णन करते ते असं: घटना पुन्हा घडते आहे असं माणसाला वाटतं किंवा तो तसं वागू लागतो. क्षणभर चमकून जाण्यापासून ते आजूबाजूचं भान पूर्ण हरपण्यापर्यंत याचा पल्ला असतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२पासून लागू झालेली आजारांची यादी तर स्पष्टच म्हणते की घटना वर्तमानात पुन्हा अनुभवणं हे पीटीएसडीच्या तीन मुख्य खुणांपैकी एक. उरलेल्या दोन म्हणजे त्या आठवणींपासून पळणं आणि धोका अजून समोरच आहे असं सतत वाटत राहणं.

असं का होतं, याचं सर्वमान्य असं एकच उत्तर नाही, पण एक चित्र बरंच पटण्यासारखं आहे. रोजच्या आठवणीला मेंदू जागा आणि वेळ जोडून ठेवतो. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, मग पुढे हे. या जोडणीत हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचं काम मोठं आहे. जिवावर बेतलेल्या क्षणी ही जोडणी नीट होत नाही. वास, आवाज, स्पर्श मात्र अमिग्डलासारख्या भीतीशी संबंधित भागांच्या मदतीने खोलवर कोरले जातात. त्यामुळे त्या तुकड्यांवर तारीखच नसते. ओल्या रेनकोटचा वास आला की तुकडा उसळून वर येतो आणि हे मागच्या जुलैतलं आहे असं सांगणारं काही त्याच्यासोबत येत नाही. १९९६ साली पीटीएसडीच्या आठ रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला होता. त्यांच्याच प्रसंगाचं वर्णन त्यांना ऐकवलं आणि मेंदूचे स्कॅन घेतले, तेव्हा भीतीच्या बाजूचे भाग पेटले आणि बोलण्याशी संबंधित ब्रोका भागातली हालचाल मंदावली. आठ माणसांवरून फार मोठा दावा करू नये. पण फ्लॅशबॅकमध्ये असलेल्या मुलीला लांबलचक स्वगत देणाऱ्या लेखकाने निदान विचारात पडावं, एवढं त्यात आहे.

मला सगळ्यात पटलेला पुरावा मात्र एका व्हिडिओ गेमचा आहे. मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ऑक्सफर्डमध्ये निरोगी स्वयंसेवकांना अपघात-मृत्यूची भीषण दृश्यं दाखवली. अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे आकार एकमेकांत बसवायचा गेम, खेळायला दिलं, बाकीचे नुसते बसून राहिले. पुढचा आठवडाभर सगळ्यांनी अचानक डोळ्यांसमोर येणाऱ्या दृश्यांची नोंद ठेवली. टेट्रिस खेळलेल्यांना अशी दृश्यं कमी आली. पण फिल्ममध्ये काय काय होतं हे विचारल्यावर दोन्ही गटांची उत्तरं सारखीच निघाली. म्हणजे ठरवून आठवणं आणि आपोआप उसळणं या दोन वाटा वेगळ्या आहेत, एकीला धक्का न लावता दुसरी कमी करता येते. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात टेट्रिसऐवजी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा दिली, तर उसळणारी दृश्यं उलट वाढली. आकारांचा खेळ दृश्यांच्या आड येतो, शब्दांचा येत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. (वाचून कुणी मित्राच्या हातात गेम देऊ नये. हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे, घरगुती उपाय नाही.)

आता मैत्रीकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

फ्लॅशबॅक म्हणजे पुरावा, अशी एकदा समजूत झाली की मैत्रीण आपोआप तपासनीस होते. ‘अजून काय दिसलं? नीट आठव. चेहरा कुणाचा होता? विक्रम होता का?’ थ्रिलरमध्ये या प्रश्नांनी गोष्ट पुढे सरकते. प्रत्यक्षात दोन नुकसानं होतात. एक तर सायली पुन्हा त्या पाण्यात ढकलली जाते. दुसरं म्हणजे आठवण प्रश्नाच्या साच्यात बसू लागते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना ‘गाड्या आपटल्या तेव्हा’ वेग किती होता असं विचारलं, काहींना ‘चक्काचूर झाल्या तेव्हा’ असं. चक्काचूर ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला, आणि आठवड्याने त्यांच्यातल्या जास्त जणांनी फुटलेल्या काचा पाहिल्याचंही सांगितलं. फिल्ममध्ये काचा फुटलेल्याच नव्हत्या. एका शब्दाने हे होतं, तर ‘विक्रम होता का?’ या प्रश्नाने काय होईल?

याची दुसरी बाजू मला जास्त छळते. खरोखर काहीतरी सोसलेली मुलगी असे थ्रिलर वाचते आणि आपली आठवण त्यातल्यासारखी सलग नाही हे तिच्या लक्षात येतं. मध्येच भोकं आहेत, क्रम उलटसुलट आहे, एखादा वास लख्ख आणि चेहरा पुसट. घटनेचा महत्त्वाचा भाग न आठवणं हे पीटीएसडीच्या लक्षणांतच मोडतं, पण तिला ते कुणी सांगितलेलं नसतं. तिला वाटतं, मी खोटं बोलतेय की काय. आणि मैत्रिणीला वाटतं, ही काहीतरी लपवतेय. कादंबरीने या दोघींच्या मध्ये संशय आणून ठेवलेला असतो.

प्लॅटफॉर्म पाचवरच्या मैत्रिणीने मग करायचं काय? फार थोडं. समोर येऊन शांत आवाजात सायलीचं नाव घ्यायचं, आपलं सांगायचं. ‘आपण ठाणे स्टेशनवर आहोत, संध्याकाळचे सहा वाजलेत, पाऊस थांबलाय.’ पाय जमिनीवर टेकवायला सांगायचं, आसपासच्या दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगायची. हात धरण्याआधी विचारायचं, कारण तिच्या मनगटावर त्या क्षणी आधीच एक हात आहे. गाडी जाऊ द्यायची. काय दिसलं ते विचारायचं नाही. ती आपणहून बोलली तर ऐकायचं. मोठ्या घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धत एके काळी सर्रास होती. तिने पीटीएसडी टळत नाही असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थांनी तिची शिफारस करणं सोडून दिलं.

शपथेबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. मित्र जीव देण्याची भाषा करत असेल, किंवा कुणी त्याला अजूनही इजा करत असेल, तर ‘कुणाला सांगू नकोस’ पाळायचं नसतं. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची टेली मानस सेवा ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर चालते, मराठीत बोलता येतं. आपल्या ठाण्यात तर १९०१पासूनचं मनोरुग्णालय आहे आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये उभी केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थही. या गावातल्या कादंबरीतली मुलं मदत मागायला कुठेच जात नाहीत, हे मला खटकतं.

आणि उपचारांत नेमकं काय होतं हे कळल्यावर या दोन फ्लॅशबॅकचं नातंही उलगडतं. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण प्रशिक्षित थेरपिस्टसमोर, सुरक्षित खोलीत, ती घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वर्तमानकाळात सांगतो आणि पुन्हा पुन्हा सांगतो. युद्ध आणि विस्थापन सोसलेल्यांसाठी जर्मनीत विकसित झालेल्या नॅरेटिव्ह एक्सपोजर थेरपीत जमिनीवर एक दोरी अंथरतात. ती माणसाच्या आयुष्याची रेषा. चांगल्या घटनांच्या जागी फुलं ठेवायची, वाईटाच्या जागी दगड. मग एकेक दगड कधीचा, कुठला, त्याआधी काय होतं, त्यानंतर काय झालं हे सांगत जायचं. मुलांसाठीही ही पद्धत वापरतात. तारीख नसलेल्या तुकड्याला तारीख मिळते, त्याच्या मागेपुढे आयुष्य आहे हे दिसू लागतं. म्हणजे दुसऱ्या प्रकारचा फ्लॅशबॅक हळूहळू पहिल्या प्रकारात येतो. थ्रिलरमध्ये जे पहिल्याच प्रकरणात फुकट मिळतं, ते सायलीला कष्टाने मिळवावं लागतं.

लिहिणाऱ्या मुलांना म्हणूनच मी सांगते की दोन्ही वापरा, पण कामं वाटून द्या. कोडं सोडवायला बाहेरच्या गोष्टी घ्या: मोबाइलमधल्या फोटोची वेळ, रिक्षाचे पैसे यूपीआयने दिल्याची नोंद, विक्रमच्या दोन जबाबांतली तफावत. सायलीच्या उसळणाऱ्या तुकड्यांना कोड्याच्या कामाला जुंपू नका. ते प्लॅटफॉर्मवर, वर्गात, दहीहंडीच्या गर्दीत नको त्या वेळी येऊ देत, वर्तमानकाळात आणि अर्धवट. सलग, भूतकाळातला, पूर्ण फ्लॅशबॅक हवा असेल तर तो कादंबरीच्या उत्तरार्धात ठेवा, आणि तो लेखकाने न सांगता सायलीने स्वतः सांगू दे, कुणीही न विचारता. गुन्हेगार पकडला गेला म्हणून तिचा त्रास त्याच रात्री संपवूही नका. फोआ यांच्या पद्धतीतच साधारण ८ ते १५ सत्रं लागतात, आठवड्याला एक-दोन अशी. शेवटच्या पानावर ती तिसऱ्या सत्राला निघालेली असली तरी थ्रिलर पूर्ण होतो.