जाहीरनामा म्हणजे करारनामा नव्हे
जाहीरनाम्यातले आश्वासन मोडले की पक्षाला न्यायालयात खेचता येते, हा दर निवडणुकीत फिरणारा समज चुकीचा आहे. तामिळनाडूतील मोफत टीव्ही वाटपाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अशी आश्वासने भ्रष्ट आचार ठरत नसल्याचे सांगितले आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे आखायला लावली; त्यांनुसार पैसा कोठून आणणार हे पक्षांनी ढोबळपणे सांगणे अपेक्षित आहे, पूर्ततेची सक्ती मात्र नाही.

२०२४ मध्ये महायुतीने लाडक्या बहिणींना दरमहा १,५०० ऐवजी २,१०० रुपये देऊ केले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ती वाढ नव्हती. वरच्या ६०० रुपयांवर किराण्याचा हिशेब मांडलेल्या बाईची निराशा खरी आहे, आणि तिने जाब विचारायचा तो अर्थसंकल्पावर मत देणाऱ्या आपल्या आमदाराला.